कोरड्या विहिरीचे वाङ्मय

गेल्या वर्षीच्या सहामाही परीक्षेत नववीच्या मुलांना मी निबंधासाठी एक जुनाच विषय दिला : ‘शेतकऱ्याचे मनोगत’. विषय जुना असला की मास्तरला तपासायला सोपे जाते, हे त्याचे खरे कारण. दिवाळीच्या सुट्टीआधी पेपर हातावेगळे करायचे होते. घरात भाजणीचा वास सुटला होता, चकलीचा सोऱ्या कुठे ठेवला आहे ह्याची विचारणा दोनदा होऊन गेली होती, आणि मी गॅलरीत तांबडे पेन घेऊन बसलो होतो. एकूण ५२ पेपर. त्यांतल्या ५१ शेतकऱ्यांच्या जमिनीला भेगा पडल्या होत्या. ५१ जण डोळ्यांवर आडवा हात धरून आभाळाकडे पाहत होते. विहिरी सगळ्यांच्या आटलेल्या, बैल सगळ्यांचे विकलेले, सावकार सगळ्यांच्या दारात. चौदा वर्षांच्या मुलांनी इतक्या सहजपणे एवढे दुःख लिहावे ह्याचे मला नवल वाटायला हवे होते. पण खोटे कशाला बोलू, मी सवयीने दहापैकी सहा, दहापैकी सात असे गुण देत गेलो.

ही मुले आचोळ्याची. नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला आचोळे हे गाव आहे. आहे म्हणावे की होते म्हणावे, हे अजून माझे ठरलेले नाही. तळे आहे, गावठाण आहे, आणि त्यांच्याभोवती पूर्वीच्या भातखाचरांवर उभ्या राहिलेल्या इमारती आहेत. जुलैमध्ये आचोळे रोडवर पाणी साचते आणि मुले दप्तर डोक्यावर घेऊन येतात. एप्रिलमध्ये त्याच रस्त्याने टँकर येतात. म्हणजे पाणी नको तितके झालेले ह्या मुलांनी पाहिले आहे, आणि पाणी विकत घेतलेलेही पाहिले आहे. भेगाळलेली जमीन मात्र त्यांतल्या बहुतेकांनी पाहिलेली नाही. ती त्यांनी पुस्तकांतून उचलली. म्हणजे आम्हा लिहिणाऱ्यांकडून उचलली.

बावन्नावा पेपर एका मुलीचा होता. तिचे आजोळ वाघोलीचे. रेल्वेच्या पश्चिमेला, निर्मळच्या वाटेवर. तिने मनोगत लिहिले होते ते आपल्या आजीचे. आजीची पाऊण एकर वाडी आहे. ती पहाटे तीनला उठून सोनचाफा काढते, केळीच्या पानात बांधते आणि गाडीने दादरला पाठवते. शेकड्याचा भाव रोज वेगळा असतो. तिने तीन दिवसांचे तीन भाव लिहिले होते. विहिरीवरचा पंप दोन तास चालतो. शेजारच्या घरी बावखल बुजवले, तेव्हापासून विहीर मार्चमध्येच खाली जाते. सून वांगी आणि गवार घेऊन मालाडला जाते. पाऊस आजीला फारसा आवडत नाही, कारण भिजलेल्या फुलाला भाव येत नाही. इथे निबंध संपला होता.

मी तिला दहापैकी चार गुण दिले आणि समासात लिहिले : ‘भावनेचा अभाव. हिशेब फार.’

प्रस्तुत लेखाचे कारण तो शेरा आहे. पेपर गठ्ठ्यात बांधला आणि रात्री झोपताना माझ्या लक्षात आले, की मी नववीतल्या एका मुलीला जे ऐकवले तेच आपली ग्रामीण कादंबरी गेली सत्तर वर्षे शेतकऱ्याला ऐकवीत आली आहे. तू रड, हिशेब सांगू नकोस.

गैरसमज नको. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) हे माझे आवडते पुस्तक आहे, आणि मास्तर म्हणून तर ते मला माझेच वाटते. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरगेला मास्तर येतो, वाडीचा होतो, सर्वांना हाताशी घेऊन तालीम बांधतो. आणि दुष्काळ पडून वाडी उठून जाते. त्या शेवटापाशी थांबून मी प्रत्येक वेळी पुस्तक काही काळ मिटून ठेवतो. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२) घ्या. विदर्भातल्या कोरडवाहू शेतीत शिकल्यासवरल्या पोराची होणारी घुसमट तिच्याइतकी नेमकी कुणी लिहिलेली नाही. ह्या कादंबऱ्या खोट्या नाहीत. महाराष्ट्रातल्या लागवडीच्या शंभर एकरांपैकी ऐंशीच्या आसपास एकर आजही पावसाच्या भरवशावर आहेत. तेव्हा कोरडवाहूचे दुःख हेच आपल्या ग्रामीण वाङ्मयाचे मुख्य दुःख असावे, ह्यात वावगे काही नाही.

माझी तक्रार उरलेल्या वीस एकरांबद्दल आहे. ह्या वीस एकरांनीच तर गेल्या शंभर वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राची घडी बदलली. कारखाने त्यांच्यावर उभे राहिले. पतपेढ्या, कॉलेजे, दवाखाने, आमदार, सगळे ह्या ओल्या जमिनीतून उगवले. आणि आमच्या कादंबरीत मात्र विहीर येते ती बहुधा दोनच कामांसाठी : आटण्यासाठी, नाही तर कुणी तिच्यात जीव देण्यासाठी. भरलेल्या विहिरीत कादंबरीकाराला काही दिसतच नाही की काय?

असे का व्हावे, ह्याचा मी बराच विचार केला. पाऊस हे दैव आहे. तो आला नाही तर दोष कुणाचाच नसतो, आणि ज्याचा दोष नाही त्याच्यावर रडणे सोपे असते. विहीर माणसाने खोदलेली असते. तिला कर्ज लागलेले असते. तिच्यात भावाचा वाटा असतो. तिच्या पाण्याची पाळी असते आणि पाळीवरून भांडण असते. विहिरीची गोष्ट लिहायची म्हणजे सातबाराचा उतारा वाचता आला पाहिजे, बाजारभाव ठाऊक पाहिजे, कोण कुणाला किती देणे लागतो हे सांगता आले पाहिजे. आम्हां लेखकांना, त्यातून मास्तर लेखकांना, ह्या गोष्टींचा कंटाळा. मी स्वतः त्यांतलाच. माझ्या पहिल्या कादंबरीच्या शेवटी एक विहीर आटते. ज्या विहिरीवरून मी ती बेतली ती कधीच आटली नव्हती. तिच्यावर दोन भावांची बागाईत होती आणि पाण्याच्या पाळीवरून त्यांच्यात बारा वर्षे दावा चालला होता. तो दावा मला समजत नव्हता, म्हणून मी विहीर आटवली. वाचकांची पत्रे आली. डोळे पाणावले असे अनेकांनी लिहिले. त्या दोन भावांपैकी धाकट्याने पुस्तक वाचून मला एवढेच विचारले, “मास्तर, आमच्या विहिरीला काय धाड भरली होती?”

ज्या काळात मराठी कादंबरी नुकती कुठे चालू लागली होती, त्या काळात महात्मा फुल्यांनी मात्र हा हिशेब करून ठेवला होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) हे पुस्तक आपण जातिव्यवस्थेवरचा कोरडा म्हणून वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या अखेरच्या भागातला पाण्याचा विचार सहसा वाचला जात नाही. डोंगर-टेकड्यांच्या उतारांवर ताली आणि बंधारे घालून पावसाचे पाणी आधी जमिनीत मुरवा, मग ते ओढ्याला मिळू द्या, म्हणजे विहिरींना पाणी टिकेल. फावल्या वेळात सरकारी पलटणी आणि पोलिसांकडून ही कामे करून घ्या. झरे कुठे आहेत हे पाणाड्यांकडून शोधून घ्या. कालव्याचे पाणी प्रत्येक शेताला मोजून मिळेल अशी तोटी बसवा. हे त्यांनी लिहिले तेव्हा पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि पाण्याचे पैसे घेणारे खाते शेतकऱ्याच्या शेतात पाणी पोहोचले की नाही हे पाहत नाही, ही त्यांची स्पष्ट तक्रार होती. शेतकऱ्याचे दारिद्र्य हे दैवातून नव्हे तर व्यवस्थेतून येते, असे एकदा म्हटले की पाणी हीही व्यवस्थाच ठरते. फुल्यांना हे उमगले होते. त्यांच्या नंतरच्या कथाकारांनी त्यांचा कळवळा घेतला, तोटी घेतली नाही.

अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. आनंद यादव. कागलच्या मळ्यात वाढलेल्या ह्या लेखकाला कोरडवाहू लिहिणे शक्यच नव्हते. ‘झोंबी’ (१९८७) मध्ये विहीर आहे, मोट आहे, पाटात पाणी आहे, ऊस आहे; आणि ह्या सगळ्या ओलाव्यात ते घर उपाशी आहे. का? कारण मळा फाळ्याने केलेला, जमीन दुसऱ्याची. पाणी उपसायला माणूस हवे म्हणून पोराची शाळा सोडवलेली. सिंचन आले की समृद्धी आली, असे समजणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला हे पुस्तक भेट द्यावे. पाणी कुणाच्या हातात आहे, मोट कोण हाकतो आणि माल कुणाच्या घरी जातो, हे तीन प्रश्न वेगळे आहेत. ‘झोंबी’ वाचताना ते आपोआप वेगळे होतात. त्यांच्याच ‘गोतावळा’ (१९७१) मध्ये ट्रॅक्टर येतो, बैल जातात, आणि नारबा ह्या गड्याचे सारे गणगोतच नाहीसे होते. उत्पन्न वाढताना गावातली किती माणसे कामातून गळतात, हा त्या कादंबरीतला प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकांतही मला इतका स्वच्छ दिसला नाही. (अर्थशास्त्राची पुस्तके मी फार वाचली आहेत असे नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. जे वाचले ते वाचनालयातले.)

कविता मात्र ह्या बाबतीत कादंबरीपेक्षा सरस निघाली. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) मध्ये रान जिवंत आहे, भिजलेले आहे. आणि हाच कवी पुढे विधान परिषदेत जाऊन पाणी अडवण्याविषयी आणि फळबागांविषयी बोलला. आपल्या कवितेतली हिरवळ पाण्याच्या कोणत्या तजविजीवर उभी आहे हे त्यांना ठाऊक होते. असे कादंबरीकार आपल्याला किती मिळाले?

आता माझ्या दाराशी येतो. वसई म्हटली की आपल्या साहित्याला काय आठवते? १७३९ साल, चिमाजी अप्पा, आणि किल्ल्यातून नेलेल्या घंटा. ऐतिहासिक कादंबरीने वसईचा तट शंभर वेळा फोडला असेल. तटाच्या उत्तरेला अर्नाळ्यापर्यंत पसरलेल्या केळीच्या वाड्यांत एकही पात्र शिरले नाही. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये इंग्रज अधिकाऱ्याने मात्र वसईच्या बागाईत जमिनीची, ऊस, केळी आणि विड्याच्या पानांची नोंद घेतलेली आहे. परक्याला दिसले ते आम्हांला दिसले नाही.

ह्या बागाईतीची रीत सांगण्यासारखी आहे. किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत पावसाचे गोडे पाणी मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोडे पाणी हलके, खारे जड. दोहोंत असा तोल असतो, की समुद्रपातळीच्या वर हातभर गोडे पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस हात गोडे पाणी टिकते. म्हणून वसईच्या पूर्वजांनी वाडीवाडीत बावखले खणली. बावखल म्हणजे तळेही नव्हे आणि विहीरही नव्हे. वाडीतला एक मोठा उघडा खड्डा, जो पावसात भरतो, आजूबाजूच्या विहिरींना पाणी पुरवतो, आणि ज्याच्यावर रहाट बसवता येतो. रहाटाला बैल नाही तर रेडा जुंपायचा. चाकावरून गाडग्यांची माळ खाली जाई आणि भरून वर येई. पाणी थोडे थोडे येई, पण रोज येई.

‘रोज’ ह्या शब्दात सगळी गोम आहे. आचोळ्याच्या बाजूला पावसाळी भात होई, मागून ओलीवर वाल. म्हणजे काम चार-सहा महिने आणि पैसा वर्षातून एकदा. वर्षाकाठी येणारा पैसा गावात थांबत नाही. तो आधीच झालेल्या उधारीत जातो. वाडीवाल्याच्या हातात पैसा थोडा येई, पण रोज येई. आज पाने, उद्या वांगी, परवा केळीचा लोंगर. रोजचा पैसा गावातच फिरतो. गासचे एक वृद्ध बागाईतदार मला म्हणाले, “मास्तर, रहाट माझा एकट्याचा. पण तो फिरायला अर्धे गाव लागे.” मग त्यांनी बोटे मोडली : चाक करायला सुतार, गाडग्यांना कुंभार, माळेला दोर वळणारा, टोपल्यांना बुरूड, स्टेशनपर्यंत गाडीवान. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, सुकेळी करून केळीच्याच वाळक्या सोपटात बांधायची. ते काम बायकांचे, आणि त्याची मिळकतही त्यांच्या हातची. नागवेलीच्या मळ्यात खुडणीला माणूस, जुडी बांधायला माणूस. एका रहाटामागे किती चुली पेटत ह्याचा आकडा कुणी मांडलेला नाही, आणि मीही मांडत नाही. पण ही साखळी कादंबरीच्या एका प्रकरणाला पुरेल इतकी लांब आहे खास.

शिवाय बाजार. पाणी असून बाजार नसेल तर केळी वाडीतच पिकून जमिनीवर पडतात. १८६४ साली ही रेल्वे मुंबईला पोहोचली, आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेला पहिली लोकल गाडी सुटली. त्या गाडीने वसईची वाडी मुंबईच्या स्वयंपाकघराला जोडली. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन दारोदार जाणारी ‘वसईवाली’ मुंबईच्या कितीतरी घरांना ठाऊक होती. कदाचित ह्या अंकाच्या वाचकांतही कुणाला आपल्या आजीच्या दारातली वसईवाली आठवत असेल. चाळीच्या जीवनावर आपल्याकडे इतके लिहिले गेले. त्या चाळीच्या जिन्यात बसून मेथीची जुडी सोडणारी ही बाई मात्र कधी लेखकाबरोबर उलट्या गाडीने घरी गेली नाही.

मग पंप आला. पंपाला मी नावे ठेवणार नाही. रेड्यामागे उभे राहून ज्याची पोरे मोठी झाली त्याने पंपाला हळदकुंकू वाहिले असेल तर मला त्यात नवल नाही. पाणी वाढले, वाडी वाढली. परंतु सुतार गेला, कुंभार गेला, दोरवाला गेला. ‘गोतावळा’ची गोष्ट इथे ट्रॅक्टरशिवाय घडली. आणि पंपाने आणखी एक गोष्ट शक्य केली, जी रहाटाला कधीच जमली नसती. रहाटाने टँकर भरत नाही. पंपाने भरतो.

मुंबईत न मावलेली माणसे नालासोपारा-विरारला येऊ लागली. त्यांना घर मिळाले, नळ मिळाला नाही. पश्चिमेच्या विहिरींचे पाणी टँकरमधून पूर्वेला येऊ लागले. वाडीवाल्याला दिसले, की पाण्याची केळी करून विकण्यापेक्षा पाणी तसेच विकलेले परवडते. ना खुडणी, ना टोपली, ना पहाटेची गाडी. ज्या पाण्यावर दहा जण पोसत होते त्यावर आता दोघे पोसू लागले, एक विहीरवाला आणि दुसरा टँकरवाला. गोडे पाणी जास्त उपसले की खाली टपलेले खारे पाणी वर येते. ते शेजाऱ्याच्याही विहिरीत येते, त्याने टँकर भरला असो वा नसो. इथे दैव नाही, खलपुरुष म्हणावा असाही कुणी नाही. मुलीच्या लग्नासाठी विहिरीचे पाणी विकणारा बाप आहे, आणि पिंपभर पाण्यासाठी रात्री दोनला उठणारी बाई आहे. दोघांचेही बरोबर आहे आणि दोघे मिळून विहीर खारी करीत आहेत. कादंबरीला ह्याहून वेगळे काय लागते?

हे सारे मराठीत मांडले कुणी? १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली, टँकरविरुद्ध आणि वाड्या गिळणाऱ्या बांधकाम-आराखड्याविरुद्ध, तिच्या अग्रभागी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते संपादक, पुढे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. ह्या धर्मगुरूला पाणी हा धर्माचा आणि भाषेचाही विषय वाटला, ही मला त्यांच्या लेखनाची खरी थोरवी वाटते. पण तेही निबंधाचे, वैचारिक गद्याचे लेखक. कादंबरी ह्या चळवळीच्या वेळी कुठे होती? तिची विहीर आटत होती, दुसरीकडे कुठेतरी.

आता पूर्वेच्या माझ्या गावाला पाणी येते ते सूर्या नदीच्या धामणी धरणाचे. ते धरण आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे आणि त्याचा मूळ हेतू सिंचनाचा होता. डहाणू-पालघर भागातल्या आदिवासींच्या शेतीला दुसरे पीक मिळावे, त्यांना पावसाळ्यानंतर वीटभट्टीची वाट धरावी लागू नये, हा. नंतर शहरे वाढली आणि त्याच धरणातून रोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना झाली : १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. मी ते पाणी पितो. सकाळी नळ सोडताना मला दर वेळी आदिवासी शेतकरी आठवतो असे म्हटले तर ते ढोंग होईल. पण विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (१९९१) वाचल्यापासून तो कधी कधी आठवतो. त्या कादंबरीने धरणाखाली गेलेल्या गावाची कथा सांगितली, आणि लाभक्षेत्रातला शेतकरी विस्थापिताला जमीन द्यायला कसा नाकारतो हेही सांगितले. मराठीत पाण्याच्या राजकारणावर इतकी रोखठोक कादंबरी दुसरी नाही. तिच्यातही शेवटी पाणी बुडवणारेच आहे, हे खरे. भिजवणाऱ्या पाण्याची झाडाझडती अजून व्हायची आहे.

सामग्रीची वाण आहे काय? मुळीच नाही. प्रवरेचा इतिहास पाहा. भंडारदऱ्याचे धरण १९२६ ला पुरे झाले, कालवे वाहू लागले. पण पाव शतक शेतकरी ऊस लावीत होता आणि कर्जातच होता. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साहाय्याने सहकारी कारखाना उभारला आणि १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले, तेव्हा कुठे त्या पाण्याचा पैसा त्या गावांत थांबू लागला. पाणी आल्यापासून गाव उभे राहीपर्यंत मध्ये चोवीस वर्षे गेली. त्या चोवीस वर्षांची कादंबरी कुठे आहे? आणि नंतरच्या सत्तर वर्षांत तोच ऊस, राज्याच्या लागवडीच्या शेकडा चार एकरांच्या आसपास असूनही, सिंचनाचे निम्म्याहून कितीतरी अधिक पाणी पिऊ लागला, त्याची?

नायगावचे उदाहरण तर नाट्यमयच. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हा कारखानदार इंजिनियर पुरंदर तालुक्यातल्या त्या माळावर गेला आणि ‘पाणी पंचायत’ काढली. नियम असा, की पाण्याचा हक्क जमिनीला नाही, माणसाला, माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, ऊस लावायचा नाही. ज्याला जमीनच नाही त्याच्या हाती पाण्याचा हक्क! त्या पहिल्या बैठकीत कोण कोण उठून गेले असेल, कुणाच्या बायकोने कुणाला घरी काय सुनावले असेल, ह्याची नुसती कल्पना केली तरी माझे हात शिवशिवतात. आणि तरी मी पन्नास पानांपुढे गेलो नाही, हेही कबूल करतो. पात्रे सारखी आभाळाकडे पाहू लागतात.

कधी मनात येते, की बनगरवाडीच्या मास्तरला पुन्हा माणदेशात पाठवावे. आता टेंभूच्या योजनेने कृष्णेचे पाणी उचलून आटपाडीपर्यंत नेले आहे; ज्या मुलखातून माणसे मेंढरे घेऊन उठून जात, तिथे पाण्याचे समान वाटप व्हावे म्हणून पाणी परिषदा भरत आल्या. आता तिथे डाळिंबाच्या बागा आहेत. मास्तर आज गेला तर त्याला रिकामी वाडी दिसणार नाही. त्याला कुणाच्या शेतात पाट जातो आणि कुणाच्या बांधाशी थांबतो, हे दिसेल. फवारणीचे कर्ज दिसेल. नवी मोटारसायकल दिसेल. आणि गावचे ज्येष्ठ माणूस त्याला अर्ज लिहून द्यायला सांगेल. हे लिहायला करुणा लागेल, पण तेवढ्याने भागणार नाही. पाणीपट्टीची पावती वाचता यावी लागेल.

आमचे एक विद्वान मित्र म्हणतात, की हिशेबातून साहित्य होत नाही. साहित्य अनुभूतीतून होते. मी त्यांना विचारले, तीन वाजता उठून मोजलेला चाफ्याचा शेकडा ही अनुभूती नव्हे काय? ते म्हणाले, त्यात सौंदर्य चाफ्याचे, शेकड्याचे नव्हे. मला तसे वाटत नाही. ‘पडघवली’ (१९५५) मध्ये गो. नी. दांडेकरांनी कोकणातल्या आगराचे जे चित्र रेखाटले ते सुंदरच आहे. पण ते आगर लयाला जाते तेव्हा आपल्याला फक्त हळहळ वाटते, कारण ते पोसत कुणाला होते आणि परवडेनासे का झाले हे आपण पूर्वी पुरेसे पाहिलेले नसते. आटण्याचे दुःख ज्याला खरे सांगायचे आहे त्याला आधी भरलेली विहीर पायरी-पायरीने उतरून दाखवता आली पाहिजे.

असो. दिवाळीनंतर शाळा उघडली. पेपर मुलांना दाखवायचे असतात, तसे दाखवले. त्या मुलीचा शेरा मी आधीच खोडला होता आणि चाराचे आठ केले होते. नियमात ते बसते की नाही ह्याची चौकशी मी केली नाही. तिने खोडलेला शेरा नखाने खरवडून वाचला आणि काही न बोलता पेपर दप्तरात ठेवला. चार दिवसांनी मधल्या सुट्टीत ती केळीच्या पानात बांधलेला चाफा घेऊन आली.

“आजीने दिलाय, सर. आणि ती म्हणाली, निबंधात शेकड्याचा भाव गणपतीतला लिहिलाय. दिवाळीचा वेगळा होता. दुरुस्त करायचा का?”

मी तांबडे पेन तिच्याकडे दिले.